धायटीची फुले उकळायची नसतात

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत धायटीवर अर्धे पान आले, हे पाहून बरे वाटले. पळस, पांगारा, काटेसावर यांच्यावर दर फाल्गुनात कुणी ना कुणी लिहिते. धायटीच्या वाट्याला सहसा ओळही येत नाही. पण त्या अर्ध्या पानात तीन चुका राहिल्या आहेत, आणि तिन्ही अशा की वाचून कुणी करायला गेले तर फसेल. छायाचित्र दुसऱ्याच झुडपाचे आहे, मजकुरात धायटी आणि धावडा यांची सरमिसळ झाली आहे, आणि 'घरच्या घरी द्राक्षासव' या चौकटीत मनुका व गुळाबरोबर 'मूठभर धायटीची फुले वीस मिनिटे उकळा' असे छापले आहे. आसव-अरिष्टांच्या, म्हणजे आंबवून केलेल्या आयुर्वेदिक औषधांच्या, कामात रोज हात असलेले आम्ही काही जण म्हणूनच हे पत्र लिहीत आहोत.

आधी छायाचित्राचे. ते हॅमेलियाचे आहे. सोसायट्यांच्या कुंपणाला आणि रस्त्याच्या दुभाजकात लावतात तेच, नारिंगी-लाल नळीदार फुलांचे झुडूप. ते मूळचे उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतले, कॉफीच्या कुळातले. धायटी इथलीच, मेंदी, डाळिंब आणि आपले राज्यपुष्प तामण ज्या लिथ्रेसी कुळात आहेत त्याच कुळातली. शास्त्रीय नाव वूडफोर्डिया फ्रुटिकोझा. दोन्ही झुडपे लाल, दोन्हींची फुले नळीसारखी, त्यामुळे लांबून गफलत होते. जवळ गेल्यावर मात्र होण्याचे कारण नाही. हॅमेलियाची फुले फांदीच्या टोकाला झुबक्याने येतात. धायटीची फुले पानांच्या बगलेतून निघतात आणि वाकलेल्या फांदीच्या लांबीभर ओळीने लागतात, इतकी दाट की लांबून फांदीच पेटल्यासारखी दिसते. धायटीचे पान बिनदेठाचे, समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखे; ते उलटे करून पाहावे. खालची बाजू राखट-पांढरी, मऊ लवेची, आणि त्यावर बारीक काळे ठिपके. हे ठिपके दिसले की पुढे काही पाहायची गरज नाही. खोडाची साल तपकिरी-लालसर, पातळ पापुद्र्यांनी सुटते. हॅमेलियाला पुढे काळी रसाळ फळे धरतात. धायटीचे बोंड कोरडे, चिमुकले आणि लाल नळीच्या आतच लपलेले असते.

ती लाल नळी म्हणजे पाकळ्या नव्हेत, हेही जाता जाता सांगायला हवे. तो निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांबाहेरचे आवरण. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब, किंचित वाकडा, टोकाला सहा दाते. खऱ्या पाकळ्या त्या दात्यांच्या मधे असतात, पण इतक्या अरुंद आणि लहान की मुद्दाम शोधल्या तरच सापडतात. बाहेर डोकावणारे तंतू म्हणजे बारा पुंकेसर. पाकळ्या असत्या तर त्या दोन दिवसांत गळून गेल्या असत्या. निदलपुंज वाळला तरी टिकतो आणि रंगही बराच धरून ठेवतो. काष्ठौषधीच्या दुकानात 'धायफूल' म्हणून जे मिळते, ते मुख्यतः हे वाळलेले नळकांडे असते.

नावाचा घोळ जुना आहे, तो एकट्या तुमच्या लेखकाचा नाही. संस्कृतात धायटी म्हणजे धातकी आणि धावडा म्हणजे धव. धावडा हा चांगला उंच वृक्ष आहे. त्याचे खोड पांढुरके, गुळगुळीत, आणि डिंकाच्या लाडवातला डिंक देणाऱ्या झाडांत त्याचे नाव वरचे. धायटी माणसाच्या डोक्याच्या थोडी वरखाली राहणारे, पसरट झुडूप. लेखात एका परिच्छेदात 'धावड्याची फुले' आणि दुसऱ्यात 'धायटीचा डिंक' असे आले आहे. वाचक हा कागद घेऊन दुकानात गेला, तर दुकानदार त्याला डिंकाची पुडी देईल आणि त्यात दुकानदाराची चूक नसेल.

आता मुख्य मुद्दा, उकळण्याचा.

आसव-अरिष्टांत धायटी का घालतात, हे कळले तर ती उकळायची नसते हे वेगळे सांगावे लागत नाही. धायटीच्या नळीच्या तळाशी मधुरस साठतो. फूल देठाकडून चोखले की जिभेला गोडी लागते, ती त्याचीच. त्या रसासाठी शिंजीर येतात, मधमाश्या येतात, आणि त्यांच्या चोचीला-पायांना लागून यीस्ट या फुलातून त्या फुलात जाते. मधुरस म्हणजे यीस्टचे आयतेच खाद्य, तेव्हा ते तिथे वाढते. फूल वाळते तेव्हा रस नळीच्या आतल्या अंगाला सुकून बसतो आणि यीस्ट त्याच्यासोबत निपचित पडून राहते. पुढे कधी ते फूल निवलेल्या, गोड द्रवात पडले की यीस्ट जागे होते आणि साखरेचा मद्यार्क करू लागते. दह्यासाठी विरजण असते तसे हे आसवाचे विरजण आहे. दूध उकळत असताना त्यात कुणी विरजण घालत नाही. पन्नास-साठ अंशांच्या वर काही मिनिटे गेली की यीस्ट मरते. वीस मिनिटे खळखळ उकळल्यावर उरतो तो फुलाचा तुरट काढा. तो विषारी नसतो, पण त्याचे आसव होत नाही. झालेच तर भांड्याच्या काठावरचे किंवा हवेतले भलतेसलते जंतू त्यात शिरतात, आणि आठवड्याने झाकण उघडल्यावर वर पांढरी साय आणि नाकात आंबूस भपकारा.

उकळायचे असते, पण ते काढ्याचे द्रव्य. अरिष्ट आणि आसव यांतला फरकच तो: अरिष्टात औषधे उकळून काढा करतात, आसवात न उकळता. म्हणजे आपल्या चौकटीला आसव हे नावही लागू पडत नाही. काढा गाळायचा, निववायचा, त्यात गूळ विरघळवायचा आणि पुन्हा गाळायचा, कारण गुळातली रेती आणि चिपाडे दुसऱ्या गाळणीतच निघतात. द्रव हाताला कोमटही लागेनासा झाला की मध, आणि सर्वांत शेवटी धायटी व प्रक्षेपाची (वरून घालायच्या औषधी द्रव्यांची) भरड. धायटी आधी पाण्यात खळबळून घ्यायचीही नसते. स्वच्छतेच्या नादात फुले दोन पाण्यांनी धुणारे लोक पाहण्यात आहेत; ज्यासाठी फूल घालायचे तेच मोरीत जाते. फुले कोरडीच सुपात पाखडावीत, काड्या, पाने, माती काढावी, एवढे पुरे.

'मूठभर' हेही माप नव्हे. वाळलेली धायटी कापसासारखी हलकी असते. मुठीत जेमतेम काही ग्रॅम येतात. शार्ङ्गधरसंहितेत सर्वसाधारण नियम दिला आहे: पाठात (औषधाच्या मूळ कृतीत) प्रमाण सांगितलेले नसेल तर एक द्रोण द्रवाला एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि गुळाच्या दहावा हिस्सा प्रक्षेप. आजच्या मापात द्रोण म्हणजे १२.२८८ लिटर, तुला म्हणजे ४.८ किलो. म्हणजे लिटरमागे गूळ साधारण ३९० ग्रॅम, मध १९५ ग्रॅम आणि प्रक्षेप ३९ ग्रॅम. धायटीचे प्रमाण पाठापाठाप्रमाणे बदलते. अरविंदासवात दोन द्रोण पाण्याला १६ पल, म्हणजे ७६८ ग्रॅम. लिटरला सुमारे ३१ ग्रॅम. दशमूलारिष्टात ४०० पल गुळाला ३० पल धायटी, म्हणजे १९.२ किलो गुळाला १.४४ किलो. हे आकडे पाहिले की मूठभर फुलांचा हिशोब कुठल्याच बाजूने जुळत नाही.

गूळ-मध मिळून एवढी साखर पाहून नवखा माणूस दचकतो. इतक्या दाट द्रवात यीस्टला सुरुवातीला जड जाते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस काहीच घडत नाही असे वाटते. इथेच घाई होते. कुणी पाणी वाढवतो, कुणी बेकरीचे यीस्ट टाकतो. पाणी वाढवले तर आसव जोरात फसफसते खरे, पण साखर लवकर संपते, गोडी उरत नाही आणि पुढे आंबटपणा धरतो. मूळ प्रमाणात मद्यार्क तयार होत जातो, यीस्ट आपणच तयार केलेल्या मद्यार्काने आणि उरलेल्या साखरेने थकते, आणि आसव गोडसर राहूनच थांबते. त्याचे टिकणे या दोन्हींवर आहे. फुलातले टॅनिनही मदतीला असते. चवीचा तुरटपणा त्याचाच. ते नको त्या जिवाणूंना आवर घालते आणि प्रथिनांना धरून तळाशी बसवते, त्यामुळे वरचा द्रव नितळ निघतो.

भांडे तीन चतुर्थांशाच्या वर भरू नये. फसफसणे सुरू झाले की वायू फुलांना वर उचलतो आणि तोंडाशी फुलांचा जाड थर जमतो. हा थर वरून कोरडा पडला की त्यावर बुरशी येते, म्हणून पहिले काही दिवस स्वच्छ लाकडी पळीने तो रोज आत दाबावा. जुन्या पद्धतीत मातीच्या रांजणाला आतून तूप चोळतात आणि धुरी देतात. तुपाने मातीची छिद्रे बुजतात आणि द्रव पाझरत नाही. तोंडाला कापडमाती करून ते घट्ट बंद करण्याची घाई मात्र नडते. जोर ओसरण्याआधी वायूला वाटच ठेवली नाही, तर झाकण उडते नाहीतर रांजण तडकतो. सुरुवातीला फडके बांधावे किंवा वायू बाहेर जाईल आणि हवा आत येणार नाही अशी नळी बसवावी. जोर उतरला की मग पक्के बंद. उलट टोकाची चूक म्हणजे जोर उतरल्यावरही तोंड उघडे ठेवणे. मद्यार्क तयार झालेला, वर हवा मोकळी: हा शिरक्याचा सरळ रस्ता आहे. जुने वैद्य अशा बिघडलेल्या मालाला शुक्त म्हणत.

कारखान्यात आज मोजमापाची साधने आहेत, पण रांजणाशी उभा असलेला माणूस अजूनही कानाने आणि काडीने काम करतो. कान लावला की आत पावसाच्या बुरबुरीसारखा आवाज येतो. पेटती काडी तोंडाशी धरली की विझते, कारण वर कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. (मोठ्या टाकीत वाकून पाहू नये, ते याच कारणाने. काडी विझते तिथे माणूसही गुदमरतो.) आवाज थांबला, फुले तळाला गेली आणि काडी जळत राहिली की संधान, म्हणजे आंबण्याची क्रिया, पूर्ण झाले. याला दिवसांचा पक्का हिशोब नाही. पाठात पंधरवडा किंवा महिना लिहिलेला असतो, पण थंडीत रांजण भाताच्या तुसात किंवा गवताच्या गंजीत पुरला नाही तर महिन्यानेही आत चूळबूळ चालू असते. पूर्ण होण्याआधी बाटलीत भरलेले आसव बूच उडवते. बाजारातली एखादी बाटली उघडताना फेस आला, तर कारण बहुधा हेच.

एवढे सविस्तर लिहिले ते घरोघरी रांजण मांडावेत म्हणून नव्हे. आसवात मद्यार्क असतो, आणि महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ विनापरवाना मद्यनिर्मितीला मोकळीक देत नाही. विकायचे तर औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली परवाना लागतो. वृत्तपत्राने 'घरच्या घरी' म्हणून चौकट टाकताना हे एका ओळीत सांगायला हवे होते. शिवाय मधुमेही, यकृताचा त्रास असलेले, गरोदर स्त्रिया, आणि मद्याशी न जुळणारी औषधे (उदाहरणार्थ मेट्रोनिडॅझोल) घेणारे यांनी आसव विचारल्याशिवाय घेऊ नये.

घरात धायटी वापरायचीच तर चूर्ण हा सरळ प्रकार आहे. चरकाने धातकीला पुरीषसंग्रहणीय, म्हणजे पातळ शौचाला आवर घालणाऱ्या गणात घातले आहे, आणि संधानीय, म्हणजे जखम-हाड सांधणाऱ्या, गणातही. गंगाधर चूर्णात नागरमोथा, इंद्रजव, बेल, लोध्र, मोचरस यांच्या जोडीला धायटीच असते. फुलांच्या चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम, विभागून, ताकातून किंवा मधातून. पण साधे जुलाब असले तरी आधी जलसंजीवनी. तुरट चूर्ण शरीरातून गेलेले पाणी भरून देत नाही. शौचात रक्त असेल, ताप असेल, किंवा लहान मूल मलूल झाले असेल तर चूर्णाच्या नादी न लागता डॉक्टर गाठावा, कारण संसर्गात शौच नुसते थोपवून धरणे घातक ठरते. आणखी एक बारीक गोष्ट क्वचितच सांगितली जाते: टॅनिन लोहाला धरून ठेवते. अंगावरून जास्त जाते म्हणून धायटी घेणाऱ्या स्त्रिया बहुधा लोहाच्या गोळ्याही घेत असतात. दोन्ही एकदम घेतल्या तर गोळी वाया जाते. मध्ये दोन-तीन तास तरी जाऊ द्यावेत.

याच कारणाने धायटीचा काढा लोखंडी कढईत करू नये. तो शाईसारखा काळा होतो. रंगारी हेच मुद्दाम करत. फुलांच्या पाण्याने तांबूस छटा, आणि लोह मिळवले की करडा-काळा.

शेवटी गोळा करण्याविषयी, कारण लेखात 'डोंगरावर जा आणि टोपली भरून आणा' असा सल्ला आहे. सह्याद्रीत धायटी जानेवारी ते एप्रिल फुलते. बरोबर याच दिवसांत वणवे लागतात. धायटी बुंध्यातून पुन्हा फुटते, चिवट आहे. पण त्या वर्षीची फुले जातात, आणि ऐन उन्हाळ्यात शिंजिरांना जे थोडे मिळत होते तेही. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या उघड्या कड्यांवर, मुरुमात, जिथे दुसरे काही धरत नाही तिथे धायटी उभी राहते आणि माती धरते. अशा जागची झुडपे टोपली भरण्यासाठी मोडण्यात शहाणपण नाही.

फूल खुडण्याची वेळ नेमकी आहे. पुंकेसर बाहेर आलेले, नळी लाल-तकतकीत, तेव्हा खुडावे. नळी दोन बोटांत हलके दाबावी. आत दाण्यासारखे कडक लागले तर बोंड भरले, मधुरस संपला, ते फूल झुडपावरच राहू द्यावे. त्यातले बी धुळीसारखे बारीक असते आणि पुढची झुडपे त्यातूनच येतात. (रोप करायचे असेल तर हे बी मातीवर नुसते भुरभुरावे, वर माती पसरू नये, पाणी फवाऱ्याने द्यावे, नाहीतर सगळे बी कुंडीच्या एका कोपऱ्यात वाहून जमते.) फांदी डाव्या हाताने धरून उजव्याने बुडाकडून शेंड्याकडे ओरबाडली की काम झटपट होते, पण पाने, कोवळे डोळे आणि काड्या सगळे एकदम निघते. पानांत टॅनिन भरपूर, मधुरस नाही. असा माल आसवात पडला की तुरटपणा चढतो आणि आंबण्याची क्रिया रेंगाळते. खाली फडके अंथरून झुबके खुडावेत, प्रत्येक झुडपावर निदान तिसरा हिस्सा ठेवावा. वाळवण सावलीत, पातळ थरात, मातीवर नव्हे. पत्र्यावर कडक उन्हात वाळवलेली फुले दिसायला कुरकुरीत, पण त्यांतले यीस्ट बरेचसे गेलेले. अर्धवट वाळलेली फुले प्लास्टिकच्या पिशवीत कोंडली की चार दिवसांत कुबट वास सुटतो. पाऊस सुरू होण्याआधी गोणीत भरून, जमिनीपासून उंच ठेवावीत आणि वर्षाच्या आत वापरावीत. जुने फूल ओळखायला सोपे: लाली जाऊन विटकरी-तपकिरी, आणि चिमटीत धरले की भुगा.

हे काम मुळात डोंगरातल्या लोकांचे आहे, हेही लेखात यायला हवे होते. धायटीचे फूल गौण वनउपज आहे. वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनउपजावर वनहक्कधारक आदिवासी आणि पारंपरिक वननिवासी कुटुंबांचा मालकी हक्क मान्य केला आहे, आणि वाळलेली धायफुले केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत आहेत. सहलीला गेलेल्या वाचकाने टोपल्या भरण्यापेक्षा ही फुले गोळा करणाऱ्याकडून किंवा दुकानातून विकत घ्यावीत. घेताना मूठभर पांढऱ्या कागदावर पसरून काड्या, पाने आणि बोंडे किती आहेत ते पाहावे. चौथा हिस्सा कचरा निघाला तर तो माल परत करायचाच.

येत्या रविवारी जमेल तितक्या जागेत दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागा एकाच ओळीची असेल तर छायाचित्र आणि नाव राहू द्या, पण 'फुले उकळू नयेत' एवढे जरूर छापा.

आपले,
आसव-अरिष्ट निर्मितीत काम करणारे काही वाचक